आगीला ढाल, उन्हाला काय?

डीएनडीच्या टेबलावर एक वाद कधी ना कधी होतोच. पार्टी वाळवंटात उतरलेली असते. डीएम सांगतो, सगळ्यांनी कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाका. तेवढ्यात एक खेळाडू म्हणतो, "माझ्याकडे फायर रेझिस्टन्स आहे. मी कशाला टाकू?" बंगळुरूत कोरमंगला, इंदिरानगर, एचएसआर लेआउट या भागांत शनिवार-रविवारी अशी टेबलं मांडली जातात. वाद इंग्रजी, हिंदी आणि कन्नडच्या मिसळीत चालतो. नोकरीसाठी आलेली दोन मराठी मुलं शेजारी-शेजारी बसली असतील, तर थोडा मराठीतही होतो. शेवटी कुणीतरी पुस्तक उघडतं आणि निकाल लागतो. पण पुस्तक कोणत्या सालचं, यावर निकाल बदलतो. 1979 चं पुस्तक एक सांगतं, 2003 चं दुसरं, आणि 2014 चं तर जवळजवळ उलटं. हे असं का झालं, त्याचा हा मागोवा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डीएनडी) म्हणजे टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा कल्पित जगाचा खेळ. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि जग चालवणारा एक जण डीएम असतो. तलवार लागली की नाही, विष बाधलं की नाही, हे फासे ठरवतात; संकटातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशाला सेव्ह म्हणतात. पात्राचा जीव 'हिट पॉइंट'मध्ये मोजतात. आग, थंडी, वीज, आम्ल यांनी होणारी इजा कमी करण्याची ताकद पात्राकडे असली, तर तिला रेझिस्टन्स म्हणतात.

या ताकदीचं मूळ ड्रॅगनच्या तोंडात आहे. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी 'चेनमेल' नावाचे लढाईचे नियम छापले. त्यांच्या शेवटी कल्पित प्राण्यांची एक पुरवणी होती. त्यात ड्रॅगनची आग लागली की साधा सैनिक मेलाच. दुसरा ड्रॅगन, सुपर हीरो किंवा विझार्ड यांनाच वाचायची संधी, तीही फासे टाकून. म्हणजे रेझिस्टन्सचा पहिला अंकुर कुणाकडे कवच आहे यातून न फुटता, कोण किती मोठा योद्धा आहे यातून फुटला. 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ डीएनडी तीन छोट्या पुस्तिकांत आला, आणि त्यात ड्रॅगन रंगांनी वेगळे झाले. पांढरा थंडी फुंकतो, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू, निळा वीज, तांबडा आग. पुढे खेळात ज्या 'एनर्जी' मोजल्या गेल्या, त्यांची यादी बऱ्याच अंशी या पाच रंगांतून उतरली आहे. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत ती पक्की झाली तेव्हा आम्ल, थंडी, वीज, आग आणि ध्वनी असे पाच प्रकार ठरले, आणि हिरव्या ड्रॅगनचा वायू आम्लाच्या खात्यात गेला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही सगळी यादी हल्ल्याची आहे. कुणीतरी तुमच्यावर काहीतरी फेकतं, ते क्षणात लागतं, आणि तुम्ही सोसता किंवा सोसत नाही. ऊन, हिमवर्षाव, तहान, दमट हवा यांपैकी कशालाही फेकणारा नसतो.

तरी हल्ला आणि हवामान यांची गाठ लवकरच पडली. 1978 च्या अॅडव्हान्स्ड डीएनडीच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये क्लेरिकचा, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याचा, पहिल्याच पातळीचा एक मंत्र आहे, रेझिस्ट कोल्ड. तो ज्याच्यावर टाकला जातो त्याला शून्य अंश फॅरनहाइटची थंडी अंगावर कपडा नसतानाही बाधत नाही. आणि त्याहून कडक थंडी, म्हणजे पांढऱ्या ड्रॅगनचा श्वास किंवा बर्फाचं जादुई वादळ आलं, तर सेव्हवर बोनस मिळतो आणि इजा निम्मी होते. एकाच मंत्रात हवामान आणि हल्ला दोन्ही आहेत, पण नीट पायऱ्या पाडून. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे 18 सेल्सियस. गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात राहायचा. तिथल्या हिवाळ्यात हा आकडा कल्पनेतला नाही, घराच्या दाराबाहेरचा आहे. हाच शून्य अंश पुढे 36 वर्षांनी, 2014 च्या पुस्तकात, 'अतिथंडी'ची सीमा म्हणून जसाच्या तसा भेटतो.

पुढच्याच वर्षी, 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये, फायर रेझिस्टन्सची अंगठी आहे. माझ्या मते या सगळ्या वंशावळीतली ती सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू. तिनं आगीच्या तीन प्रतवाऱ्या केल्या. मशाल, पेटतं तेल, शेकोटी अशी साधी आग अंगठी घालणाऱ्याला मुळीच लागत नाही. फार मोठी आणि प्रखर आग, म्हणजे वितळलेला लाव्हा किंवा वॉल ऑफ फायरचा मंत्र, यात उभं राहिलं तर दर फेरीला 10 पॉइंट जातातच. आणि तांबड्या ड्रॅगनचा श्वास किंवा फायरबॉल आला तर सेव्हवर 4 चा बोनस, आणि इजेच्या प्रत्येक फाशातून 2 वजा, मात्र 1 च्या खाली नाही. लाव्ह्यासमोर अंगठी तुम्हाला वेळ देते, सूट देत नाही. पंधरा-वीस पॉइंटांचं पात्र असेल तर एक फेरी, फार तर दोन. तेवढ्यात पलीकडच्या दगडावर पोचायचं. टेबलावरचा ताण किती वाढतो पाहा! अंगठी आहे, पण लाव्हाही लाव्हाच राहिला आहे.

हल्ल्याची आग आणि जागेची आग यांतला फरक आपल्या गोष्टींतही आहे. होलिकेला आग लागणार नाही असं वरदान होतं, ते घेऊन ती प्रल्हादाला मांडीवर घेऊन चितेवर बसली, आणि जळाली. लाक्षागृहात मात्र पांडवांकडे अग्नीपासून वाचवणारं कोणतंही वरदान नव्हतं. घर लाखेचं आहे हे विदुराच्या इशाऱ्यानं कळलं, भुयार खणलं गेलं, आणि घर पेटलं तेव्हा ते त्या वाटेनं निसटले. जागाच जीवघेणी असेल तेव्हा आधी मिळालेली बातमी, वाट आणि वेळ उपयोगी पडते. खेळाचे चांगले नियमही इथेच पोचतात.

1986 साली किम मोहन यांचं 'विल्डरनेस सर्व्हायव्हल गाइड' आलं आणि त्यानं हवामानाकडे गंभीरपणे पाहिलं. तापमान, वारा, कपडे यांचे तक्ते आले. खेळताना ते जड व्हायचे, पण त्यामागची समजूत बरोबर होती. 1991 च्या 'डार्क सन'नं अख्खं जगच रखरखीत केलं, आणि तिथं पाण्याची मोजदाद हा खेळाचा मुख्य भाग झाला.

खरी फारकत तिसऱ्या आवृत्तीत झाली, तीही दोन हप्त्यांत. 2000 च्या पुस्तकात एंड्युअर एलिमेंट्स आणि रेझिस्ट एलिमेंट्स हे दोन्ही मंत्र एकाच कामाचे लहान-मोठे भाऊ होते. एक दर फेरीला 5 पॉइंट इजा गिळायचा, दुसरा 12. 2003 मध्ये नियमांची सुधारित, साडेतिसरी आवृत्ती आली आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रेझिस्ट एनर्जी हल्ल्याकडे गेला. पहिल्यांदा 10, मग पातळी वाढेल तसे 20 आणि 30 पॉइंट तो वजा करतो. एंड्युअर एलिमेंट्स हवामानाकडे आला. उणे 50 ते 140 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे 45 ते 60 सेल्सियसपर्यंत, माणूस सुखानं राहतो. पण आगीच्या किंवा थंडीच्या हल्ल्यापासून हा मंत्र काहीही वाचवत नाही, धुरापासून वाचवत नाही, हवा संपली तर तिच्यापासूनही नाही, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. खेळाच्या इतिहासात इतकी स्वच्छ विभागणी त्याआधी झाली नव्हती, आणि नंतरही झाली नाही.

त्याच आवृत्तीतलं उन्हाचं प्रकरणही उघडून पाहण्यासारखं आहे. 90 अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे 32 सेल्सियसच्या वर गेलं की दर तासाला फोर्टिट्यूड सेव्ह, 15 पासून सुरू होऊन दर वेळी 1 नं अवघड. हुकला तर 1 ते 4 पॉइंट अशी इजा, जी अंग थंड झाल्याशिवाय भरून येत नाही. 110 च्या वर, म्हणजे 43 सेल्सियसच्या पुढे, हाच सेव्ह दर दहा मिनिटांनी. जड कपडे किंवा चिलखत असेल तर 4 वजा. इथं ऊन हे आगीचं डॅमेज नाही. अंग तापत जातं, निवेपर्यंत बरं वाटत नाही, आणि अंगावरचा लोखंडाचा पत्रा तुमच्याच विरुद्ध काम करतो. उष्माघाताचं मर्म इतक्या कमी ओळींत पकडणारा दुसरा नियम मला माहीत नाही.

आकडे मात्र कुणाच्या अंगाला लावलेले आहेत, हे मराठी वाचकाला लगेच दिसेल. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच, हवेबद्दल नावाजलेलं शहर. तरी इथं मार्च-एप्रिलच्या दुपारी 32 चा आकडा सहज मागे पडतो. म्हणजे 2003 च्या नियमानुसार इथल्या प्रत्येक भाजीवाल्याला दर तासाला फासा टाकावा लागेल. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात 45 पार होतं. तिथला साधा माणूस, म्हणजे खेळाच्या भाषेत पहिल्या पातळीचा कॉमनर, या हिशोबानं साधारण अर्ध्या तासात बेशुद्ध पडेल. प्रत्यक्षात विदर्भ उन्हाळा काढतो, आणि तो कसा काढतो ते नियमात कुठेच नाही. कामं पहाटे उरकली जातात. डोकं-तोंड दुपट्ट्यात गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवलेले असतात. खिडकीत कूलर आणि दाराला पाणी मारलेली वाळ्याची ताटी. बाहेर पडण्याआधी ताक किंवा पन्हं, आणि दुपारी बारा ते चार रस्ते ओस. ही सगळी तयारी म्हणजे माणसानं दिवसाचा, पाण्याचा आणि सावलीचा केलेला बंदोबस्त. त्वचेत बसवलेली ढाल त्यात कुठेही नाही.

साडेतिसऱ्या आवृत्तीचा लाव्ह्याचा नियम मात्र फसला. लाव्ह्याचा स्पर्श झाला तर दर फेरीला 2 फासे इजा, पूर्ण बुडालात तर 20 फासे. इथवर ठीक. पण पुढे लिहिलं आहे की आगीचा रेझिस्टन्स किंवा पूर्ण अभय, दोन्हींपैकी काहीही असलं तरी लाव्ह्यापासून पूर्ण अभय मिळतं. म्हणजे 10 पॉइंटांचा साधा मंत्र अंगावर असलेला माणूसही ज्वालामुखीतून चालत जाऊ शकतो. आगीला अभय असलेला प्राणी लाव्ह्यात बुडून गुदमरू शकतो, एवढी एक आठवण पुस्तकानं शेवटी ठेवली आहे. 1979 च्या अंगठीनं जे जपलं होतं, ते इथं हातचं गेलं. 2005 च्या 'सँडस्टॉर्म' पुस्तकानं थोडी भरपाई केली. त्यात शरीरातलं पाणी शोषून घेणारी, आगीहून वेगळी अशी 'डेसिकेशन' इजा आली. आगीची ढाल तिच्यापुढे निरुपयोगी. वाळवंट आगीनं कमी आणि शोषून जास्त मारतं, हे लेखकांना कळलं होतं.

2008 च्या चौथ्या आवृत्तीवर फार थांबण्याचं कारण नाही. तिचं लक्ष लढाईवर होतं.

2014 च्या पाचव्या आवृत्तीकडे मात्र नीट पाहावं लागतं. तिनं सगळं सोपं केलं. रेझिस्टन्स म्हणजे इजा निम्मी, बस्स. लाव्ह्याचं कोडं त्यामुळे आपोआप सुटलं. लाव्ह्याच्या प्रवाहातून चालत जाणं म्हणजे दहा बाजूंचे 10 फासे, बुडणं म्हणजे 18. रेझिस्टन्स असेल तर त्याच्या निम्मं, आणि तेही बहुतेकांना पुरून उरतं. पण हवामानाच्या पानावर उलट घडलं. 100 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान असेल आणि प्यायला पाणी नसेल तर दर तासाच्या शेवटी सेव्ह, 5 पासून सुरू होऊन दर तासाला 1 नं चढत जाणारा. हुकला की थकव्याची एक पायरी, आणि सहाव्या पायरीवर मरण. यातून कोण सुटतं? उष्ण प्रदेशात मुळापासून राहणारे, आणि आगीचा रेझिस्टन्स असलेले. म्हणजे जन्मजात फायर रेझिस्टन्स असलेल्या टीफ्लिंग वंशाच्या पात्राला ऊन लागणारच नाही, मग कितीही दिवस पाणी नसो. 2003 मध्ये लाव्ह्याला माफी होती आणि उन्हाला नव्हती. 2014 मध्ये उन्हाला माफी मिळाली आणि लाव्ह्याची गेली. दुसरीकडे 'पाथफाइंडर' या वेगळ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीनं तिसरी वाट धरली. तिथं कडक ऊन थेट फायर डॅमेज देतं, आणि रेझिस्टन्स त्यातून वजा होतो. हिशोब सुटसुटीत आहे, पण उन्हाला आग समजण्याची चूक तिथं मुळातच आहे.

100 फॅरनहाइट म्हणजे 37.8 सेल्सियस. बंगळुरूत एप्रिल 2016 मध्ये 39.2 अंशांची नोंद झाली, आणि 28 एप्रिल 2024 ला 38.5. त्याच 2024 च्या उन्हाळ्यात शहराच्या हजारो कूपनलिका आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, आणि पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर दंड लागला. 2014 च्या नियमाच्या दोन्ही अटी, तापमान आणि पाण्याचा तुटवडा, या खेळणाऱ्या शहरावरच येऊन ठेपल्या. त्या महिन्यांत टेबलावर वाळवंटाचं साहस मांडताना पाण्याचा प्रश्न कुणालाच कल्पनेतला वाटण्याचं कारण नव्हतं.

'उष्ण प्रदेशात मुळापासून राहणारे' ही सवलतही तपासून पाहावी लागते. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात, आणि थंड जागी काही आठवडे काढले की तो सराव जातो. चार वर्षं बंगळुरूत काढलेला नागपूरकर मे महिन्यात घरी उतरतो, तेव्हा त्याचं अंग नागपूरचं राहिलेलं नसतं. सराव म्हणजे अभयही नाही, कारण विदर्भात जन्मलेली माणसंही दर उन्हाळ्यात उष्माघातानं दगावतात. आपल्या हवामान खात्याचे निकष याबाबतीत खेळापेक्षा समजूतदार आहेत. उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो तो मैदानी भागात 40 अंशांपासून, किनारपट्टीवर 37 पासून आणि डोंगराळ भागात 30 पासून, कारण सगळीकडे एकच आकडा चालत नाही. किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम सुकत नाही, आणि अंग निववायचा मुख्य मार्ग बंद होतो. 2010 साली शेरवूड आणि ह्यूबर या संशोधकांनी दाखवलं की ओल्या फडक्याच्या तापमापकावर 35 अंश ही माणसाच्या शरीराची अंतिम मर्यादा आहे, मग तो कितीही धडधाकट असो आणि सावलीत बसलेला असो. नंतरच्या प्रयोगांत ही मर्यादा त्याहूनही खाली आढळली.

खेळाच्या पानावरून इथं येताना जपून यावं लागतं, पण यावंच लागतं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या परिसरात तापमान 38 अंशांच्या आसपास होतं, म्हणजे पुस्तकातल्या 100 फॅरनहाइटच्या जेमतेम वर. 14 माणसं गेली. त्यांना कोणतीही ज्वाला लागली नव्हती. होतं ते ऊन, दमट हवा, आणि तासन्‌तास उघड्यावर बसणं. म्हणूनच 'फायर रेझिस्टन्स आहे, मला ऊन लागत नाही' हे वाक्य मला टेबलावर खटकतं. उन्हानं माणूस कसा मरतो, हे त्या वाक्यात पुसलं जातं.

यावरचा उपाय 2014 च्याच पुस्तकांत आहे, फक्त वेगळ्या पानावर. 'प्लेयर्स हँडबुक' सांगतं की माणसाला रोज एक गॅलन पाणी लागतं, आणि हवा उष्ण असेल तर दोन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर. कमी पडलं तर थकव्याची पायरी. या नियमात रेझिस्टन्सला सूट कुठेही दिलेली नाही. एका वॉटरस्किनमध्ये अर्धा गॅलन मावतं आणि भरल्यावर तिचं वजन 5 पौंड होतं. म्हणजे उन्हात एका दिवसासाठी एका माणसाला चार वॉटरस्किन, 20 पौंड वजन. पाच जणांची तीन दिवसांची वाट असेल तर 300 पौंड नुसतं पाणी. उंट घ्यायचा का? रात्री चालायचं का? वाटेतल्या विहिरीवर कुणाचा ताबा आहे? क्लेरिकनं आपला मंत्र जखमा भरायला ठेवायचा, की 10 गॅलन पाणी काढायला वापरायचा? टीफ्लिंगच्या अंगाला चटका बसणार नाही, हे मान्य. पण तिला तहान लागते. हा हिशोब टेबलावर मांडला की तोपर्यंत गप्प बसलेले खेळाडूही बोलायला लागतात.

माझा निवाडा असा. विभागणी 2003 ची घ्यावी, लाव्हा 1979 चा घ्यावा, आणि पाणी 2014 चं. रेझिस्टन्सनं फेकलेली आग निम्मी करावी, साधी ज्वाला अंगावर घेऊ द्यावी, प्रखर जागेत थोडा वेळ मिळवून द्यावा. ऊन, दमट हवा आणि तहान यांचा निकाल मात्र पाणी, सावली, कपडे आणि दिवसाची वेळ यांवर लावावा. मराठीत खेळ चालवणाऱ्या डीएमना एक विनंती आहे. पुढचं वाळवंट सहाराचं मांडू नका. वैशाखातलं वऱ्हाड मांडा, नाहीतर मृगाआधीची दमट कोकणपट्टी. आणि पहिल्याच सत्रात प्रत्येकाला विचारा, तुझ्याकडे पाणी किती आहे?